शनिवारचा खाडा

आजचा एपिसोड शाळेवर आहे. ‘शाळा विकास आराखडा’ हे शब्द ऐकून कुणी स्किप करायच्या आधी एवढंच सांगतो, की यात माग आहे, टोयोटा आहे, आणि माझी चांगली फजिती पण आहे. तर थांबा जरा.

झालं असं. आमच्या वहिनी एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. शाळा इकडचीच, नाव घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठल्याही शाळेत सापडेल. जानेवारीत एका रात्री जेवताना वहिनी म्हणाल्या, “भावजी, आराखडा टाईप करून द्या की. बाईंनी मागच्या वर्षीचा दिलाय, त्यात फक्त साल बदलायचंय.”

साल बदलायचंय! मी तो कागद बघितला. मागच्या वर्षीच्या आराखड्यातही आधीच्या वर्षाचं साल एका ठिकाणी तसंच राहिलं होतं. आम्ही कोड कॉपी-पेस्ट करतो तेव्हा नेमकं असंच पकडलं जातो, त्यामुळं हसू पण आलं. मागण्या काय? रंगकाम, स्मार्ट टीव्ही, पेव्हिंग ब्लॉक, गेटची कमान. वाईट काहीच नाही. पण पोरं शिकतात का, येतात का, यावर एक ओळ नव्हती.

मग मी कायदाच वाचायला घेतला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम २१ म्हणतं, समितीत किमान तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत. कलम २२ म्हणतं, शाळा विकास आराखडा ही समिती तयार करेल, आणि सरकारच्या नियोजनाचा, अनुदानाचा आधार तो आराखडा असेल. म्हणजे बघा, कांडी मशीनवर काम करणारी बाई, मागावरचा कामगार, भाजीवाली मावशी, यांनी बसून ठरवायचंय की शाळेत पुढची तीन वर्षं काय व्हायला पाहिजे. कागदावर केवढी मोठी गोष्ट आहे ही! ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड ठेवला, तिथं आज पालकाला दंड नाही, उलट सही करायचा अधिकार आहे. आणि आपण काय करतो? साल बदलतो.

पण दोष सगळा समितीचा नाही. केंद्राच्या नमुना नियमांत आराखड्यात काय असावं ते दिलंय: इयत्तावार पटसंख्येचा अंदाज, जादा शिक्षक किती लागतील, खोल्या आणि साहित्य किती, पैसे किती. म्हणजे बहुतेक सगळं मोजून विकत आणता येईल असं. फॉर्म जे विचारतो तेच माणूस लिहितो. आणि पैसा तरी किती? समग्र शिक्षात संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. शंभर ते अडीचशे पोरांच्या शाळेला वर्षाला ५० हजार, त्यातलेही किमान १० टक्के स्वच्छतेवर. कमान त्यात बसत नाही राव.

दुसरीकडं ‘शाळासिद्धी’ आहे. २०१५ साली देशभर आणलेला कार्यक्रम. सात क्षेत्रं, ४६ मानकं, शाळेनं स्वतःला प्रत्येक मानकात स्तर १, २ किंवा ३ द्यायचा आणि पुढं सुधारणेचा आराखडा लिहायचा. कल्पना मला खरंच आवडली. स्वतःकडं बघ, कुठं आहेस ते लिही, पुढं काय करणार ते लिही, परत बघ. अडचण एवढीच, की वर्षातून एकदा भरला जाणारा फॉर्म असला की माणूस परीक्षा दिल्यासारखं भरतो. स्तर १ लिहायला कुणाला आवडतं?

आता मागाकडं येतो.

कबनुरात मोठं झालेल्या माणसाला मागाचा आवाज वेगळा ऐकूच येत नाही, तो बंद पडला की ऐकू येतो. वडील मागावर होते. ते सांगायचे, चांगला कामगार कापडाकडं कमी बघतो, ताण्याकडं जास्त बघतो. कारण ताण्यातला एक धागा तुटला आणि लक्षात नाही आला, तर माग चालूच राहतो, धोटा फिरतच राहतो, आणि मीटरच्या मीटर कापड खराब निघतं. संध्याकाळी दिवाणजी पीस बघणार आणि मग ओरडणार. तेव्हा ओरडून उपयोग काय?

जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या सुताराच्या पोरानं हाच प्रश्न धरला. १९२४ साली त्यानं जो स्वयंचलित माग आणला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. चूक झाली तिथंच थांब, का झाली ते बघ, मगच पुढं चल. पुढं १९३७ साली त्याच घराण्यातनं टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली आणि ही सवय गाड्यांच्या कारखान्यात गेली. कायझेन म्हणतात ते, म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा, आणि ‘पाच वेळा का विचारा’ ही पद्धत, सगळं या घरातलं. आमच्या आयटीत दर दोन आठवड्यांनी रेट्रो मीटिंग होते, काय बिघडलं आणि काय बदलायचं याची, तिची नाळ पण तिकडंच जाते. म्हणजे मी पुण्याच्या कंपनीच्या कॉलवर जे करतो, ते मूळचं मागावरचं आहे. हे कळलं त्या दिवशी मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “मग आमचे माग का थांबत नव्हते?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

शाळेत तुटलेला धागा कुठला, हे शोधायचं मी मनावर घेतलं आणि इथं माझी फजिती सुरू झाली. मी एका रविवारी बसून फॉर्म बनवला, शीट बनवली, रंगीत डॅशबोर्ड बनवला. शाळेत जाऊन प्रोजेक्टर नव्हता म्हणून लॅपटॉप फिरवून दाखवला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शांतपणे म्हणाल्या, “छान आहे. भरणार कोण?” मग त्यांनी आपला फोन काढून दाखवला. यू-डायसची माहिती वेगळी, पोषण आहाराची वेगळी, हजेरीची वेगळी, प्रशिक्षणाच्या लिंका वेगळ्या. मी त्यात अजून एक घेऊन गेलो होतो. तीन आठवड्यांत माझ्या फॉर्ममध्ये एकूण चार नोंदी आल्या, त्यातल्या दोन मी टेस्टिंगला टाकलेल्या.

मग मी बाईंना म्हणालो, नवीन काहीच भरू नका, जुनं हजेरीपत्रक एक तास बघायला द्या. घरी नेलं नाही, तिथंच बसून बघितलं. महिन्याची सरासरी हजेरी तशी बरी होती, अहवालात जाते ती हीच. पण मी वारांप्रमाणं मोजायला लागलो. सोमवार बरा, मंगळवार बरा, आणि शनिवार आला की पाचवी ते सातवीच्या रकान्यात भोकंच भोकं. आणि त्यातल्या बऱ्याचशा मुली. त्याच त्याच सहा-सात नावांपुढं दर दोन-तीन शनिवारांनी खाडा.

समितीच्या बैठकीत हे ठेवलं. पहिलं उत्तर आलं, “शनिवारी पोरं कंटाळा करतात.” दुसरं आलं, “पालकांना गांभीर्य नाही.” तेव्हा वहिनी बोलल्या. एरवी त्या बैठकीत चहाचे कप गोळा करतात. म्हणाल्या, “कंटाळा असता तर पोरांनीबी केला असता. पोरीच कशा?” आणि मग आम्ही ‘का’ विचारत गेलो.

का येत नाहीत? घरी लहान भाऊ-बहीण असतं. मग इतर दिवशी कशा येतात? इतर दिवशी शाळा साडेदहाला, तोवर रात्रपाळीचा बाप घरी आलेला असतो, नाहीतर अंगणवाडी उघडलेली असते. शनिवारी? शाळा सकाळी साडेसातला. आई सातला कामावर गेलेली. बाप रात्रपाळीहून सुटतो आठला, घरी यायला सव्वाआठ. म्हणजे प्रश्न सव्वा तासाचा आहे! मग सव्वाआठनंतर का येत नाहीत? इथं बैठक गप्प झाली. समितीतल्या एक काकू हळूच म्हणाल्या, “उशिरा आलं की बाहेर उभं करतात की.”

मोठ्या बाई काही बोलल्या नाहीत बराच वेळ. मला वाटलं आता संपलं. पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, “पुढच्या शनिवारपासून साडेआठपर्यंत कुणाला अडवायचं नाही. कवायत आणि परिपाठ आधी घेऊ, गणित-भाषा नंतर.” खर्च शून्य रुपये. त्या वाक्याला कुठल्याच अनुदानाची गरज नव्हती. एका सरांना ते पटलं नव्हतं, शिस्त बिघडेल म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. म्हणून ठरलं, चार शनिवार करून बघू आणि मग बोलू.

मी परत एक चूक केली. भिंतीवर तक्ता लावला आणि त्यात मुलींची नावं घातली. दुसऱ्याच शनिवारी एका नावाचा तुकडा फाडलेला होता. कुणी फाडला हे कुणी विचारलं नाही, बरं झालं. बारा वर्षांच्या पोरीनं आपलं घर कसं चालतं हे भिंतीवर का बघावं? नावं काढली, फक्त ‘शनिवारी किती आल्या’ एवढा आकडा ठेवला. नावांची यादी बाईंच्या वहीत.

चार शनिवारांनंतर बघितलं तर हजेरी वाढली होती, पण आलेख करवतीच्या दातासारखा. एक शनिवार वर, एक खाली. वहीत बघितलं तर तीन मुली एकाआड एक शनिवारीच येत होत्या. आता इथं मला कुठलाही डॅशबोर्ड सांगू शकला नसता, ते वहिनींनी पाच सेकंदांत सांगितलं: “पाळी बदलती की भावजी. एक आठवडा रात्रपाळी, एक आठवडा दिवसपाळी.” दिवसपाळीच्या आठवड्यात बाप सकाळी आठच्या आत कामावर. मग सव्वाआठला घरी येणारं कुणीच नाही. आमचा उपाय अर्ध्या घरांच्या अर्ध्या आठवड्यांनाच लागू होता.

मग दुसरी फेरी. लहानग्यांना शाळेत आणून बसवायचं का, यावर वाद झाला. लहान पोरगं पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची, हा बाईंचा प्रश्न रास्त होता. शेवटी त्याच गल्लीतल्या दोन आज्यांशी बोलून तेवढ्या दोन-तीन तासांची सोय बघितली. एका आजीचं जमलं, दुसरीनं दोन शनिवारांनी नाही सांगितलं. सध्या तिथंच अडकलंय. तीनपैकी दोघी येतात, एक अजून येत नाही. तिच्यासाठी काय करायचं हे पुढच्या बैठकीत आहे.

आराखडा शेवटी टाईप झाला. ठरलेले रकाने आम्ही प्रामाणिकपणे भरले, रंगकाम पण आहे त्यात, कारण वर्गात खरंच ओल येते. कमान काढली, त्यावर थोडी नाराजी झाली. आणि शेवटी एक पान जोडलं, त्याला फॉर्ममध्ये जागा नव्हती. त्यात एका वेळी एकच प्रश्न लिहायचा, काय करून बघणार ते, कधी बघणार ती तारीख, आणि काय झालं. पहिल्या ओळीत शनिवार आहे. दुसऱ्या ओळीत काय घ्यायचं यावर मतदान झालं, तिसरीच्या पोरांचं हातच्याच्या वजाबाकीत नेमकं कुठं अडतं ते निवडलं गेलं. वरचे लोक ते पान वाचतील का, माहीत नाही. पण बैठकीत आता पहिलं तेच उघडतात.

तुमच्यापैकी कुणाची आई, वहिनी, बहीण अशा समितीवर असेल तर आराखडा मागून बघा. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर ही समिती असतेच. आणि शक्य झालं तर हजेरीपत्रक वारांप्रमाणं मोजा, महिन्याच्या सरासरीवर थांबू नका. तुमच्याकडं शनिवार नसेलही, ऊसतोडीचा महिना असेल, बाजाराचा दिवस असेल, यात्रा असेल. काय सापडलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पोरांची आणि शाळेची नावं न घेता.

आज शुक्रवार आहे. रेकॉर्डिंग संपवून वहिनींना विचारायचंय, उद्या कुणाची कुठली पाळी आहे ते. चला, भेटू पुढच्या एपिसोडला.