डोळ्यांची साक्ष आणि कष्टकऱ्याचे मौन

(बोनकोडे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पोलीस ठाण्यात उभ्या केलेल्या गरीब माणसाने मान खाली घातली तर तो काही लपवीत आहे असे समजले जाते, आणि मान वर करून पाहिले तर तो उद्धट ठरतो. बोनकोड्याच्या गावठाणातील वडीलधाऱ्यांना हे कोणी शिकविण्याची गरज नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. साहेबाच्या टेबलासमोर कसे उभे राहावे लागते याचा अनुभव या पट्ट्यातील आगरी-कोळी समाजाला त्याच्याही आधीपासूनचा आहे. सावकारापुढे, खोतापुढे, तलाठ्यापुढे नजर खाली ठेवावी ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या वरच्यांनीच खालच्यांना दिली. आता तीच खाली गेलेली नजर गुन्ह्याचा पुरावा म्हणून वाचली जात असेल, तर हा केवळ मानसशास्त्राचा प्रश्न राहत नाही.

माणसाच्या चेहऱ्यावरून आणि डोळ्यांवरून खोटे ओळखण्याचा ध्यास फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात खोटा वादी किंवा साक्षीदार कसा ओळखावा याची लक्षणेच दिली आहेत: तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम येतो, तोंडाचा रंग उतरतो, बोलणे अडखळते, समोरच्याच्या नजरेला नजर देत नाही. आजच्या एखाद्या पोलीस प्रशिक्षण पुस्तिकेत ही यादी जशीच्या तशी घातली तरी कोणाला ती परकी वाटणार नाही. परंतु त्याच स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, या लक्षणांना मर्यादा घातली. ही लक्षणे दोषाची शक्यता तेवढी दाखवितात, दोष निश्चित करीत नाहीत, कारण स्वाभाविक विकार कोणता आणि प्रसंगामुळे उत्पन्न झालेला विकार कोणता हे वेगळे करणे दुष्कर आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. वर्णव्यवस्थेच्या चौकटीत वाढलेल्या एका धर्मशास्त्रकाराला जे उमगले ते आधुनिक शासनयंत्रणेला उमगत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मराठेशाहीतील गोतसभांपुढे साक्षीपुराव्याने वाद मिटला नाही की दिव्य करविले जाई. उकळत्या तेलातून धातूचा रवा हाताने काढावयाचा, हात बांधून त्यावर मोहोर करावयाची आणि काही दिवसांनी तो उघडून हात भाजला की नाही यावरून खरेखोटे ठरवावयाचे. शरीराकडून जबरदस्तीने साक्ष काढण्याची ती रीत होती. तेल गेले, तारा आल्या.

आता विज्ञान काय सांगते ते पाहिले पाहिजे, कारण समाजवादी चळवळ विज्ञानाची वैरी नाही. डोळा स्मृतीचा मागोवा देतो हे खरे आहे. अनेक अपरिचित चेहऱ्यांमध्ये एक परिचित चेहरा ठेवला तर पाहणाऱ्याची नजर त्या चेहऱ्यावर अधिक रेंगाळते, आणि हा फरक चित्र समोर आल्यावर एका सेकंदाच्या आत दिसू लागतो. मनावर ताण आला, विचाराचे ओझे वाढले, की डोळ्याची बाहुली विस्तारते. या निष्कर्षांचा उपयोग स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास करताना झाला आहे आणि तो मोलाचा आहे. परंतु ओळख म्हणजे अपराध नव्हे. बोनकोड्यात राहणाऱ्या कामगाराची नजर कोपरखैरण्याच्या एखाद्या इमारतीच्या छायाचित्रावर थांबली, तर तिथे तो रोज पाण्याचे कॅन पोहोचवितो एवढेच त्यावरून सिद्ध होऊ शकते. शिवाय तपास अधिकाऱ्याने आधीच दोनदा ते छायाचित्र त्याच्यापुढे आपटलेले असेल, तर नजरेला ओळख पटते ती पोलीस कोठडीतील!

खोटे ओळखण्याची गोष्ट तर आणखीच लंगडी आहे. दोनशेहून अधिक अहवालांतील सुमारे चोवीस हजार माणसांच्या निर्णयांचा एकत्रित हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला. समोरचा खरे बोलतो की खोटे हे केवळ पाहून व ऐकून ओळखणाऱ्यांचे यश शंभरात सुमारे चोपन्न निघाले. नाणे उडविले तरी पन्नास येतात. खोटे बोलणारा डोळे उजवीकडे वर नेतो, खरे आठवणारा डावीकडे, ही समजूत शिबिरांतून आणि पोलिसी पुस्तकांतून पसरलेली आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१२ साली तिची प्रत्यक्ष तपासणी केली तेव्हा तिला काडीचाही आधार सापडला नाही. अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरण्याच्या योजनेवर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले, आणि त्या देशाच्याच लेखापरीक्षण यंत्रणेने २०१३ साली या योजनेवरील खर्चाला आळा घालावा अशी शिफारस केली. तरीही बाजार थांबलेला नाही. बाहुलीचा आकार आणि वाचताना होणारी डोळ्यांची हालचाल मोजून खोटेपणा सांगणारे यंत्र २०१४ पासून तिथे विकले जात आहे, आणि नोकरीसाठी आलेल्या माणसाला त्यापुढे बसविणे हाच त्याचा एक मोठा उपयोग मानला जातो.

आपल्या राज्यात या ध्यासाने जे रूप घेतले ते डोळ्यांच्याही मागे, थेट मेंदूत शिरण्याचे. पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये एका तरुण विद्यार्थिनीला, पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून विष दिल्याच्या आरोपावरून जन्मठेप दिली. त्या निकालात इतर पुराव्याबरोबरच मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झालेल्या मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या चाचणीला मोठे स्थान होते. या चाचणीत आरोपीच्या डोक्यावर टोपीसारखे जाळे चढवितात आणि तपासाच्या कथेतील वाक्ये एकामागून एक ऐकवितात. ‘मी विष विकत घेतले’, अशा धर्तीची, प्रथमपुरुषी. आरोपीने काही बोलावयाचे नसते. डोळे मिटून बसावयाचे. कुठल्या वाक्यावर मेंदूने अनुभवाची आठवण जागविली ते संगणक सांगतो, असा दावा. एवढा जड निष्कर्ष अशा चाचणीवर टेकविल्याची बातमी जगभर गेली आणि परदेशांतील तज्ज्ञांनी आश्चर्य व्यक्त केले. काही महिन्यांनी मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला. बंगलोरच्या निम्हान्स या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीनेही २००८ सालीच, या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय पाया नाही आणि न्यायालयात ती पुरावा म्हणून वापरू नये, असा अभिप्राय दिला. ती मुलगी अपराधी होती की निरपराध, याचा निवाडा या व्यासपीठावर करावयाचा नाही. प्रश्न वेगळा आहे. पोलिसांची कथा पोलिसांच्याच शब्दांत ऐकवावयाची आणि त्यावर मेंदू हलला की ती खरी मानावयाची, यात आरोपीची बाजू कुठल्या वाक्यात आली? दिवसरात्र चौकशीत जी गोष्ट माणसाच्या कानीकपाळी ओरडली गेली, ती त्याच्या स्मृतीत असणारच.

नार्को चाचणी ही याच कुळातली, फक्त तिच्यात सुई आहे. अरुण फरेरा यांना २००७ साली नागपुरात अटक झाली, त्यांच्यावर नार्को चाचणी झाली, जवळजवळ पाच वर्षे ते तुरुंगात राहिले आणि त्या वेळच्या सर्व खटल्यांतून निर्दोष सुटले. गुंगीच्या औषधाने सत्य बाहेर पडत नाही, बडबड बाहेर पडते. त्यातले हवे तेवढे वेचून घेणे तपासयंत्रणेच्या हाती राहते.

न्यायालयांची वाटचाल सरळ झालेली नाही. राज्यघटनेच्या कलम २० (३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १९७८ साली नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे संरक्षण पोलीस ठाण्यातील चौकशीपर्यंत नेऊन पोहोचविले. २००४ साली मात्र मुंबई उच्च न्यायालयाने बनावट मुद्रांक घोटाळ्यातील आरोपींच्या बाबतीत या चाचण्या सक्तीने करण्यास मोकळीक दिली. अखेर ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीवाचून करता येणार नाही. ती कलम २० (३) आणि २१ या दोहोंचा भंग करते. संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा ठरत नाही, त्यातून पुढे सापडलेली वस्तू वा माहिती तेवढी न्यायालयापुढे येऊ शकते. जून २०२५ मध्ये बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले.

इथे चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. घोटाळेबहाद्दर मंत्र्याची, सावकाराची, बिल्डरची ‘नार्को करा’ अशी घोषणा पुरोगामी मोर्च्यांतूनही दिली जाते. संताप समजण्यासारखा आहे. मागणी मात्र चुकीची आहे. ज्याच्याजवळ नामवंत वकील आहे तो ही चाचणी टाळतो, ज्याच्याजवळ नाही त्याच्या दंडात सुई जाते. आणि हत्यार उलटते ते कसे, हे हाथरसने दाखविले आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेश सरकारने आरोपी व पोलीस यांच्याबरोबर मृत दलित मुलीच्या कुटुंबीयांचीही पॉलिग्राफ व नार्को चाचणी करण्याचे जाहीर केले. फिर्याद देणाऱ्यालाच यंत्रापुढे बसविण्याची ती तयारी होती. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली ज्या विमुक्त झाल्या, त्या पारध्यांच्या पोरांना चोरी झाल्याबरोबर आजही आधी उचलले जाते. त्यांच्या हातात ‘सत्य सांगणारे यंत्र’ या कल्पनेने न्याय पडेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

याहून नवी गोष्ट म्हणजे ४ ऑगस्ट २०२२ पासून अमलात आलेला फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा. १९२० चा जुना कायदा बोटांच्या व पावलांच्या ठशांपुरता आणि छायाचित्रांपुरता होता. नव्या कायद्यात डोळ्याची बुबुळे व नेत्रपटल यांची नोंद, जैविक नमुने, आणि ‘वर्तनविषयक लक्षणे’ यांचा समावेश झाला. या नोंदी पंचाहत्तर वर्षे सांभाळल्या जावयाच्या आहेत. सही आणि हस्ताक्षर ही वर्तनाची उदाहरणे कायद्याने दिली, परंतु ‘वर्तन’ हा शब्द तेवढ्यावर थांबतो की नाही हे कायदा सांगत नाही. उद्या नजरेच्या हालचालीलाही वर्तन म्हटले गेले तर सेल्वी निकालाने बंद केलेले दार खिडकीतून उघडेल.

म्हणून बोनकोडे, कोपरखैरणे, घणसोली, महापे या भागातील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट पाठ करावी. घरकामाला जाणाऱ्या बाईवर दागिने चोरल्याचा संशय येतो, सुरक्षारक्षकाला ठाण्यात बोलावतात, आणि समोर कागद येतो: चाचणीस माझी हरकत नाही. कोठडीतल्या माणसाने केलेली सही म्हणजे संमती नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली पॉलिग्राफविषयी जे नियम घालून दिले आणि जे सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी निकालात या सर्व चाचण्यांना लागू केले, त्यांप्रमाणे संमती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदली गेली पाहिजे. तिथे वकील हजर असला पाहिजे. या चाचणीचे शारीरिक, मानसिक व कायदेशीर परिणाम काय हे पोलिसांनी व वकिलाने आधी समजावून दिले पाहिजेत. आणि तिथे दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरला जाणार नाही हेही सांगितले पाहिजे. चाचणी पोलिसांनी नव्हे, रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेने वकिलाच्या उपस्थितीत करावयाची असते. दंडाधिकाऱ्याने विचारले तर ‘नाही’ म्हणावयाचे, आगरी बोलीत म्हटले तरी चालते, आणि नकाराचे कारण देणे बंधनकारक नाही. सही करण्यापूर्वी कागद संपूर्ण वाचून दाखवावयास सांगावा, आणि त्या वेळी कार्यकर्ता वकिलाला घेऊन ठाण्याच्या दारात पोहोचलेला असावा.