पावलाचा कोन



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की पगार, बोनस आणि संप यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही सायकलीच्या बुटाखाली बसणाऱ्या एका चिमुकल्या पट्टीविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटला तर हसावे. मात्र शेवटपर्यंत ऐकावे, एवढीच विनंती.

आम्ही लहानपणापासून पाहिलेला बारामती-इंदापूरकडचा कामगार सायकलवरून कामाला येई. वालचंदनगर असो, भवानीनगर असो की माळेगाव, पाळी सुटली की फाटकातून सायकलींची रांग लागे. पायात वहाण आणि वहाणेखाली रबरी पेडल. त्या पेडलवर पाऊल हवे तसे ठेवता येई. कुणाचा चवडा बाहेर वळलेला, कुणाचा सरळ, कुणी टाचेनेच रेटणारा. प्रत्येक पाऊल आपला कोन आपणच शोधी, म्हणून तो प्रश्न कुणाला पडलाच नाही.

आता आमची मुले शर्यतीच्या सायकली चालवतात. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि तिचा एक टप्पा बारामतीपर्यंत आला. तो पाहून अनेकांच्या अंगात वारे शिरले. या सायकलीला पाऊल पेडलशी जखडलेले असते. पूर्वी त्यासाठी चामड्याचा पट्टा असे. १९८४ साली लूक या फ्रेंच कंपनीने बर्फावर घसरण्याच्या स्कीवरील बुटांच्या पकडीवरून नवे पेडल काढले आणि १९८५ मध्ये बर्नार्ड इनो यांनी तेच वापरून टूर द फ्रान्स जिंकली. बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेली पट्टी पेडलमध्ये खटकन अडकते. टाच बाहेर झटकली की सुटते. या पट्टीला क्लीट म्हणतात.

आमच्या संघटनेतला एक तरुण प्रेस मशीनवर काम करतो. आठ तास उभे राहून सुटीच्या दिवशी तो भिगवणपर्यंत सायकल मारून येई. एके दिवशी तो लंगडत कचेरीत आला. म्हणाला, "अण्णा, गुडघा आतून ठणकतो. सायकल सोडावी म्हणतो." दुकानदाराने काय सांगितले, असे आम्ही विचारले. "म्हणाला, नवीन आहे, सवय होईल."

श्रोतेहो, हे वाक्य आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. यंत्राची उंची चुकली, सवय होईल. बाकडे ठेंगणे आहे, सवय होईल. सवय होते ती यंत्राला नव्हे, माणसाच्या हाडांना. आणि तिची किंमतही हाडेच देतात.

आम्ही त्याचे बूट पालथे केले. दोन्ही क्लीट अगदी नाकासमोर बसवलेले. मग त्याला टेबलावर बसवून पाय मोकळे सोडायला सांगितले. डावे पाऊल सरळ लोंबले, उजवे बाहेर वळले. ओल्या पायांनी शहाबादी फरशीवरून चालवले, तेव्हा उमटलेल्या पावलांनीही तीच साक्ष दिली. पाऊल बाहेर जाऊ पाहते, क्लीट त्याला सरळ धरते आणि दोघांची ओढाताण मधला गुडघा सोसतो. मिनिटाला ८५ फेरे म्हटले तर तासाला ५,१०० वेळा!

उपाय एका ॲलन कीचा आहे. आधी क्लीटच्या कडेने पेनाने रेघ मारावी, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बुडाशी जी हाडे लागतात, ती चाचपून बुटावर खडूची खूण करावी. पेडलचा आस या दोन खुणांच्या दरम्यान यावा. मग कोन. चवडा बाहेर वळायला हवा असेल तर क्लीटचे टोक आत, अंगठ्याच्या बाजूला फिरवावे. हे उलटे वाटते, पण पेडलमध्ये क्लीट सरळच राहते, वळतो तो बूट. क्लीटला थोडी हालचालही असते. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये लाल रंगाला शून्य अंश, निळ्याला दोन, पिवळ्याला सहा. नवख्याने पिवळी घ्यावी आणि पावलाची नैसर्गिक ठेवण त्या हालचालीच्या मध्यावर आणावी, म्हणजे दोन्हीकडे जागा उरते. टाच क्रँकला घासत नाही ना, हे पाहावे. एका वेळी एकच बदल, तोही केसभर, आणि मग जवळची फेरी. सीट फार खाली असली तरी गुडघा दुखतो, तेही तपासावे. सूज आली किंवा दुखणे राहिलेच, तर पाना खाली ठेवून डॉक्टरकडे जावे.

आमच्या गड्याचे उजवे क्लीट वळवले, डावे तसेच ठेवले. एकाच माणसाचे दोन पाय सारखे नसतात. मग शंभर माणसांना एकच माप कसे लागावे? आणि खरे माप कुणाजवळ होते? दुकानदाराजवळ नव्हते, आमच्याजवळही नव्हते. प्रत्येक फेरीनंतर आम्ही त्यालाच विचारीत होतो, "आता कसे?" तीन आठवड्यांनी तो पुन्हा भिगवणला जाऊन आला.

परतल्यावर तो म्हणाला, "अण्णा, माझ्या प्रेसलाही पायाचे पेडल आहे. ते फार डावीकडे आहे. दिवसभर कंबर वाकडी करून दाबतो. सवय झाली होती."

आम्ही दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. बुटाला स्क्रू तीन होते, ते दहा मिनिटांत फिरले. प्रेसच्या पेडलला बोल्ट दोनच आहेत. पण ते सैल करायला सही लागते, आणि ती सही अजून झालेली नाही. होईपर्यंत आम्ही विचारीत राहू. कारण ज्याचा पाय, त्याला कोन ठाऊक असतो. ते त्याने सांगावे आणि दुसऱ्याने ऐकावे, यापलीकडे आमच्या चळवळीनेही आजवर फारसे काही मागितलेले नाही.