केबिनमधला हिवाळा

आज बोलूया जस्टिन व्हर्ननबद्दल, म्हणजे 'बॉन इव्हेर'वाला. 2006 मध्ये त्याचा बँड फुटला, ब्रेकअप झालं, वर आजारपण. लिव्हरपर्यंत गेलेलं. मग नॉर्थ कॅरोलिना सोडून गडी विस्कॉन्सिनला, वडिलांच्या जंगलातल्या केबिनमध्ये गेला. ऐन हिवाळ्यात. साधारण तीन महिने राहिला.

अल्बम करायचा प्लॅनच नव्हता! लाकडं फोडायची, पडून राहायचं. मला हेच भारी वाटतं. आपल्याकडे सुट्टीलाही 'वर्केशन' म्हणतात, काय बोलणार!

हळूहळू गाणी आली. सामान मोजकंच. आधी नुसती चाल, अर्थाशिवायचे आवाज, तेही नेहमीचा आवाज सोडून उंच, पातळ सुरात. एकावर एक थर. शब्द त्या आवाजांतूनच नंतर शोधले. म्हणून काही ओळींचा अर्थ लागत नाही, पण पोटात कालवतं.

'फॉर एमा, फॉरएव्हर अगो' 2007 मध्ये त्याने स्वतःच काढला, 2008 मध्ये लेबलकडून आला. आणि नाव? फ्रेंचमध्ये 'बाँ इव्हेर' म्हणजे चांगला हिवाळा. स्पेलिंगमधला एच तेवढा उडवला.

'स्किनी लव्ह' ऐकलंच असेल. आज 'री: स्टॅक्स' लावा. हेडफोनवर, प्लीज.