शोधायचं कुठल्या नावानं?

मागं आजोबांच्या गावाची जुनी माहिती नेटवर शोधत होतो. 'वाशिम' टाकलं, दोन रात्री घालवल्या, हाती काहीच नाही. मग उमगलं. आपला जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधीचं बरंचसं 'अकोला' या नावाखाली. इंग्रजांच्या काळात १९०५ पर्यंत वेगळा जिल्हा होता, पण 'बासिम' म्हणून. वाकाटकांचं पाहायचं तर 'वत्सगुल्म' टाका.

टॅग म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. लावणाऱ्यानं जे लिहिलं, त्याच नावानं सापडतं. म्हणून ऑनलाइन लिहिणाऱ्यांनो, 'वाशिम' आणि 'वाशीम' दोन्ही लावा, गावासोबत तालुकाही टाका. नाहीतर आपलं लिखाण आपल्याच नातवंडांना सापडायचं नाही.

भेटू पुढच्या भागात!