लेखणी खाली ठेवण्याचा सण



वसंतातल्या या उकाड्यात मी नाताळाविषयी बोलायला उभा राहिलो, याचे आपल्याला नवल वाटेल. पण त्या सणाच्या निमित्ताने जो प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचा आहे, तो बाराही महिन्यांचा आहे. ज्याचे कामच शब्द जोडण्याचे, त्याने विसावा घ्यावा कधी आणि कसा?

आपल्याकडच्या लेखकाची गत आपण जाणताच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाच्या फराळात एका पदार्थाची भर पडली. पण तो पदार्थ तळायला लेखकाला पावसाळ्यातच चुलीपुढे बसावे लागते! सण जगाचा, घाई त्याची. ख्रिस्ती लेखकाला हीच घाई नाताळात गाठते. खास अंक हवा, नवी गीते हवीत, मुलांसाठी एखादे नाटुकले हवे. आणि तो धर्मगुरू असला, तर देवळातले प्रवचनही त्यानेच करायचे. ज्या सणाने शांतीचा निरोप द्यायचा, तोच त्याची झोप उडवतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. आपल्या शेजारच्या नगरात, आजच्या अहिल्यानगरात, 1842 साली 'ज्ञानोदय' निघाले. 1912 पासून 1919 मध्ये देह ठेवीपर्यंत टिळक त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते. शिवाय कविता, भजने, कीर्तने चालूच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आणि त्या पुलावरून येताना त्यांनी टाळ-मृदंग मागे टाकले नाहीत. म्हणून मराठी ख्रिस्ती मंडळींची उपासना मराठी चालीवर उभी राहिली.

इथेच मला प्रश्नाचे पहिले उत्तर दिसते. नगरकडच्या खेड्यापाड्यांत नाताळाच्या रात्री मंडळी भजनाला बसतात, तेव्हा गीत कोणाचे, हे कोण विचारतो? कोणी टाळ धरतो, कोणी मागून ओढतो. त्या गर्दीत स्वतः कवी बसला असला, तरी तो फक्त एक आवाज असतो. वर्षभर 'मी काय नवे लिहू' या विचाराने शिणलेल्या माणसाला एका रात्रीपुरते 'आपण जुनेच म्हणू या' असे म्हणता येते. श्रोतेहो, हीच पहिली विश्रांती. इथे तो काम सोडत नाही. आपलेपणाचा हट्ट तेवढा सोडतो.

चारशे वर्षे मागे चला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात आला. त्याने मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. त्या पहिल्या छापाची प्रत आज हाती नाही. पण रविवारी आणि सणावारी गोव्याच्या देवळांतून ते पुराण पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाई. 1619 साली स्टीफन्स गेला. त्यानंतर कितीतरी नाताळ आले. लेखक विसावला होता आणि ओवी चालू होती. आपले काम दुसऱ्याच्या मुखी सोपवता येणे, यापरते मोठे स्वास्थ्य लेखकाला कोणते?

पण हे स्वास्थ्य सर्वांना साधत नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून अखंड बायबल मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी प्राण ठेवला, तो शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावरच. त्या निष्ठेपुढे मी मस्तक नमवतो. पण तीच वाट प्रत्येक लेखकाला दाखवण्याचे धाडस मला होत नाही.

टिळकांकडे याच्या उलट घडले. त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते राहिले. ते पुरे कोणी केले? लक्ष्मीबाईंनी! लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या, पाहुण्यांनी आणि पोरक्या मुलांनी भरलेले घर सांभाळणाऱ्या त्या माउलीने पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. 'स्मृतिचित्रे' लिहिणारा हात तोच. सणाच्या दिवशी लेखक पुरुषाला लेखणी खाली ठेवता येते. घरच्या बाईला झारा खाली ठेवता येतो का? करंज्या, शंकरपाळी, शेजारपाजारी पाठवायची ताटे, हे सारे कोणाच्या हातून होते? लेखकाच्या विश्रांतीवर बोलताना हा हिशेब झाकून ठेवला, तर ती विश्रांती उसनी आहे, असेच म्हणावे लागेल.

आपल्या मराठवाड्यात धाराशिव येथे जानेवारी 2020 मध्ये भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. 2024 साली ते निवर्तले. ते धर्मगुरू होते, वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते आणि 'सुबोध बायबल'चे कर्तेही होते. अशा माणसाला नाताळात मध्यरात्रीची उपासना चुकत नाही. मग विसावा कोठला?

त्याचे उत्तर मला मूळ कथेतच दिसते. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत गातात, मेंढपाळ धावत येतात, पाहिलेले सर्वांना सांगत सुटतात. सारे बोलत असतात. एकटी मरिया बोलत नाही. घडले ते ती मनात जपून ठेवते, त्यावर विचार करते. गोठ्यातला खरा लेखक मला तिच्यात दिसतो. अनुभव आला की लगेच कागदावर उतरवायचा, ही आपली घाई. तो काही दिवस नुसता मनात राहू द्यावा, हे तिचे शहाणपण. आणि नाताळ एका दिवसात संपतही नाही. 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंतचे बारा दिवस जुन्या परिपाटीने त्याचेच मानले आहेत.

शेतकरी उन्हाळ्यात जमीन नांगरून तापत ठेवतो. तिला कोणी आळशी म्हणत नाही. लेखकाच्या मनालाही अशी तापण्याची, मुरण्याची सवड हवी. दिवाळी असो, ईद असो वा नाताळ; सणाने आपल्याकडून नवे काही मागण्याआधी, जे मिळाले आहे ते सांभाळायला शिकवावे. आणि घरी गेल्यावर त्या सवडीतला थोडा वाटा स्वयंपाकघरातही पोचवावा, एवढीच आपल्याला विनंती करतो आणि आपली रजा घेतो.