वीज पडल्यावर बंद करू नका

मी पनवेलहून बोलतोय. बाहेर धो धो पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आज आपण जी रचना ऐकणार आहोत तिच्यात एकही शब्द नाही. नाव 'फाएतों'. फ्रेंच संगीतकार कामीय सँ-साँस यांनी ती १८७३ मध्ये लिहिली. अशा रचनेला सिम्फॉनिक पोएम म्हणतात, म्हणजे गोष्ट असते, पण ती सांगतो ऑर्केस्ट्रा. हा प्रकार फ्रान्झ लिस्टने रुजवला.

गोष्ट ग्रीक आहे. फाएथॉन हा सूर्याचा मुलगा. एक मित्र त्याला चिडवतो, "सूर्य तुझा बाप? कशावरून?" पोरगं थेट बापाकडे जातं. बाप शपथ घेऊन म्हणतो, माग काय हवं ते. हा मागतो, एक दिवस तुमचा रथ चालवू द्या! झालं, बापाचा दशरथ झाला. शब्द दिलाय, आता फिरवता येईना. मग तो समजावत बसतो, चाबूक आवर, लगाम घट्ट धर, मधल्या वाटेनं जा.

आपल्या सूर्याला निदान अरुणासारखा सारथी आहे. इथे चार उधळे घोडे आणि लगाम या पोराच्या हातात.

आता ऐकताना बघा. सुरुवातीला पितळी वाद्यं ललकारी देतात. मग व्हायोलिनं दौडायला लागतात, टगडक टगडक. आधी मजा वाटते. हळूहळू आवाज वाढतो आणि लक्षात येतं, आता हे आवरत नाहीये. रथ पृथ्वीच्या जवळ येतो, सगळं जळणार, तेवढ्यात देवांचा राजा झ्यूस वीज टाकतो. सगळा ऑर्केस्ट्रा एकदम कोसळतो.

मी पहिल्यांदा ऐकलं ते लोकलमध्ये. वीज पडली, मला वाटलं संपलं, मी बंद केलं.

अठरा वर्षांचा असताना मी बाबांची बाइक मागितली होती. बाबा कळंबोलीहून ट्रेलर चालवायचे, रस्ता त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. किल्ली देताना एवढंच म्हणाले, "सावकाश." पळस्प्याच्या अलीकडे ओल्या रस्त्यावर मी घसरलो. पाय मोडला, वाचलो. शुद्धीवर आलो तेव्हा बाबा बाकावर बसले होते, माझं हेल्मेट मांडीवर घेऊन. ओरडले नाहीत. काहीच बोलले नाहीत.

परवा ही रचना शेवटपर्यंत ऐकली. विजेनंतर ती संपत नाही. सगळं शांत होतं आणि हळू, जड सूर उरतात. मला तिथे मुलगा ऐकू आला नाही, बाप ऐकू आला. किल्ली देणारा.

सँ-साँस तीन महिन्यांचे व्हायच्या आतच त्यांचे वडील गेले होते. आणि 'फाएतों'नंतर पाच वर्षांनी, १८७८ मध्ये, त्यांची दोन्ही लहान मुलं काही आठवड्यांच्या अंतरानं गेली. रचना लिहिली तेव्हा मुलांचं असं होणार हे त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे, म्हणून तो शेवट जास्त लागतो.

जेमतेम नऊ मिनिटांची रचना आहे. हेडफोन लावा, पण गाडी चालवताना नको. आणि माझ्यासारखं वीज पडल्यावर बंद करू नका.

भेटू पुढच्या भागात. सावकाश जा.