येशूनेही मागितले
(मंडळाच्या डिसेंबरच्या सभेत केलेले भाषण)



नाताळच्या महिन्यातल्या सभेत एखाद्या ख्रिस्ती भगिनीने चार शब्द बोलावेत, ही आपल्या मंडळाची पद्धत. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भाषणाची अपेक्षा ठेवू नका. ओट्याशी उभी राहून बोलते तशीच बोलणार आहे. विषय चिटणीसबाईंनीच दिला आहे: रोजच्या अडचणींत येशूचा कित्ता.

कित्ता म्हटला की मला पाटी आठवते. बाई वर अक्षर काढून देत आणि आपण ते खाली गिरवायचे. पण वरची ओळ आपल्या हाताला झेपेल अशी हवी. पाण्यावरून चालणे माझ्याने होणार नाही. पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घालणे महिनाअखेरीस फार उपयोगी पडले असते, पण तेही होणार नाही. म्हणून मी शुभवर्तमानात अशा ओळी शोधल्या, ज्या माझ्यासारखीला गिरवता येतील. बायबल मला वाचता येते ह्याचे थोडे श्रेय पंडिता रमाबाईंच्या वळणालाही आहे. कमी शिकलेल्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी केडगावला राहून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हेच काम चालले होते. माझ्या आजीने त्या भाषेवर अक्षरे लावली आणि माझ्या आईने आजीजवळ.

पहिली ओळ विहिरीवरची आहे. येशू शोमरोन प्रांतातून चालला होता. दुपारी बाराच्या सुमारास तो सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीपाशी पोहोचला आणि दमून तिथेच बसला. योहान स्पष्ट लिहितो की तो प्रवासाने दमला होता. शिष्य गावात खायला आणायला गेले होते. विहीर खोल आणि ह्याच्याजवळ पोहरा नाही. इतक्यात एक शोमरोनी बाई पाणी भरायला आली, आणि येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. तीच चकित झाली, कारण यहूदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. आपल्याकडे पाण्याचा विटाळ काय होता ते मी सांगायला नको. महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली सर्वांना खुला केला, आणि तरीही १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना लोकांना घेऊन जावे लागले. ह्या विहिरीच्या गोष्टीवर मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. जातिभेद मोडला, ते खरेच आहे. पण त्याच्या अगोदरची साधी गोष्ट सगळे ओलांडून पुढे जातात. तो दमला होता, त्याला तहान लागली होती, आणि त्याने मागितले. ज्याला आम्ही देवाचा पुत्र म्हणतो, त्याने एका अनोळखी बाईपुढे ओंजळ केली.

आणि असे त्याने एकदाच केले नाही. मग्दालीया मरीया, खूजाची बायको योहान्ना, सूसान्ना आणि आणखी कित्येक बायका आपल्या पैशाअडक्याने त्याची व त्याच्या शिष्यांची सोय पाहत, असे लूकाने नावे घेऊन लिहिले आहे. त्याने ती मदत घेतली. संकोच केल्याचे कुठे लिहिलेले नाही.

तो झोपतही असे, बरे का! गालीलच्या सरोवरात नाव चालली आहे, वादळ उठले आहे, लाटा आत येताहेत, आणि हा मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून गाढ झोपलेला. मार्काने ती उशीसुद्धा लिहून ठेवली आहे. दुसऱ्या एका वेळी येणारेजाणारे इतके झाले की शिष्यांना जेवायला सवड मिळेना. तेव्हा त्याने त्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगितले. पुढे काय झाले तेही वाचण्यासारखे आहे. नाव काठाला लागायच्या आत लोक पायी धावत तिथे हजर! आपण दुपारी जरा पाठ टेकावी आणि दाराची कडी वाजावी, तसेच. त्याने कपाळाला आठी घातली नाही. त्यांना शिकवले, जेवू घातले. पण संध्याकाळी शिष्यांना नावेत बसवून दिले, लोकांना निरोप दिला आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. मला ह्यातले शेवटचे फार महत्त्वाचे वाटते. त्याचा एकांत पुढे ढकलला गेला, पण त्याने तो सोडून दिला नाही.

आता माझ्या घरचे थोडे सांगते. आईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारूनच सांगते आहे. २०२२ साली पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळते झाले. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. घट्टसर पेज चमच्याचमच्याने भरवायची, कारण पातळ दिले की ठसका लागतो. मेणकापड, भांडे, अंग पुसणे. ह्यांची कारखान्यातली पाळी, मुलांच्या परीक्षा. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना सर्व माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून कळणार नाही.

तीन आठवडे झाले तेव्हा मी दोन्ही भाऊजींना आणि वन्संना फोन केला. आई तुमच्याही आहेत, मला एकटीला हे होणार नाही, काय करता सांगा, असे सरळ विचारले. ह्याची चर्चा झाली. एका वडीलधाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की, सासूची सेवा हा तुझा क्रूस आहे, तो निमूट वाहा, चार ठिकाणी मागत फिरू नये. त्यांचा हेतू चांगला होता. पण आईंना कुणी क्रूस म्हटलेले मला आवडले नाही. त्या माणूस आहेत, लाकडाचा ओंडका नव्हेत. आणि निमूट म्हणाल, तर त्या वेळी मी पुन्हा जाऊन पाहिले की येशूने त्याचा क्रूस निमूट वाहिला का.

नाही वाहिला. आदल्या रात्री तो गेथशेमाने बागेत गेला. ह्या शब्दाचा अर्थ तेलाचा घाणा असा आहे. त्याने पेत्र, याकोब आणि योहान ह्या तिघांना बरोबर घेतले, आपला जीव मरणाइतका कष्टी झाला आहे असे त्यांना उघड सांगितले, आणि इथे राहा, माझ्याबरोबर जागे राहा, अशी विनवणी केली. मग पुढे जाऊन पालथा पडून त्याने बापाजवळ मागितले की शक्य असेल तर हा प्याला टळो. नंतर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणाला, ते सर्वांना पाठ आहे. पण अगोदर त्याने नको म्हटले, आणि तेही एकदा नव्हे. तो परत आला तो तिघेही झोपलेले. एक तासही तुमच्याने जागवले नाही का, असे त्याने पेत्राला विचारले. पुन्हा गेला, पुन्हा आला, पुन्हा ते झोपलेलेच. मागितले म्हणजे मिळतेच असे नाही, हे त्याच्याही वाट्याला आले. तरी देहाची दुर्बलता समजून घेऊन तो त्यांच्याशी बोलला. त्यांना टाकून दिले नाही.

दुसऱ्या दिवशी खुद्द क्रूसाचा लाकूडही त्याने एकट्याने नेला नाही. शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला शिपायांनी वेठीस धरले आणि त्याच्या खांद्यावर तो दिला. कॅथलिक बंधुभगिनींच्या देवळात चौदा चित्रे असतात, त्यांत पाचवे चित्र ह्या शिमोनाचे. प्रत्यक्ष प्रभूच्या क्रूसाला जर दुसरा खांदा लागला, तर माझ्या घरातल्या मेणकापडाला का लागू नये?

माझ्या फोनचे काय झाले ते सांगते. वन्सं एक महिना सोडून एक महिना आठ-आठ दिवस येऊन राहतात. येतात तेव्हा आई खुलतात, कारण लेकीच्या हातची वेणी वेगळीच. धाकटे भाऊजी औषधाचे पैसे पाठवतात. थोरल्यांनी मात्र सांगितले की त्यांच्या मागे मंडळीच्या इमारत फंडाचे काम आहे, दशांश आहे, तेव्हा तूर्त जमणार नाही. ते अजून जमलेले नाही. मी त्यांच्यावर रागावून इथे बोलत नाही, पण शुभवर्तमानात ह्याला नेमका शब्द आहे, कुर्बान. त्या काळी काही लोक आईबापांना सांगत, जे तुम्हांला द्यायचे ते मी देवाला वाहिले आहे. येशूने परूश्यांना आणि शास्त्र्यांना ह्यावरून कडक शब्दांत सुनावले, की तुम्ही आपल्या रूढीने देवाचीच आज्ञा मोडता. देवाच्या नावाखाली आईला विसरणे त्याला चालले नाही. हे मी थोरल्या भाऊजींना वाचून दाखवले आहे. ते ऐकून घेतात, चहा पितात आणि जातात.

एक आक्षेप तुमच्या मनात येईल, कारण तो माझ्याही मनात आला. मार्थेनेही मदत मागितली होती. बेथानीला येशू तिच्या घरी आला, ती स्वयंपाकात बुडाली, बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली. मार्था म्हणाली, हिला मला हात लावायला सांगा. आणि त्याने मरीयेची बाजू घेतली. ह्या गोष्टीवर उपदेश करणारे बहुधा जेवून आलेले असतात. मला इतकेच दिसते की मार्थेने मरीयेला विचारलेच नाही, पाहुण्यांकडे तिची तक्रार केली. त्यानेही स्वयंपाक वाईट म्हटला नाही. तू फार गोष्टींची काळजी वाहतेस, असे तिला नाव घेऊन, दोनदा नाव घेऊन, सांगितले. तरी त्या दिवशी भाकऱ्या कुणी भाजल्या, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

मागणे फक्त करणारीलाच जड जाते असे नाही. पडून असलेल्याला ते त्याहून जड जाते. सुरुवातीला आई रात्री पाणी मागत नसत. मागितले तर मला उठावे लागेल, आणि पाणी प्याले तर भांडे द्यावे लागेल. ओठ कोरडे घेऊन पहाटेपर्यंत पडून राहत. सुनेकडून अंग पुसून घ्यायला तर साफ नकार. तोंड भिंतीकडे. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू पंचा बांधून शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हा पेत्रानेही पाय मागे घेतले होते. मोठ्या माणसाला दुसऱ्याच्या हातून घेणे कठीण असते. एका रात्री मी आईंना ही गोष्ट आणि विहिरीची गोष्ट, दोन्ही वाचून दाखवल्या. त्या काही बोलल्या नाहीत. दोन-तीन दिवसांनी मध्यरात्री डाव्या हाताने फुलपात्र पलंगाच्या दांडीवर वाजवल्याचा आवाज आला. आता रोज वाजते, कधी दोनदाही. खरे सांगते, झोपमोड होते, पण त्या आवाजाने मला बरे वाटते.

आणखी एकच ओळ. क्रूसावर असताना येशूला खाली आई दिसली. थोरला मुलगा तो, आता आईचे कोण पाहणार? त्याला भाऊ होते असे शुभवर्तमानात आहे, कॅथलिक लोक त्यांना चुलतभाऊ-मावसभाऊ मानतात. पण त्या घटकेला तिथे ते नव्हते. जवळ उभा होता त्याचा लाडका शिष्य. त्याने आईला त्या शिष्याच्या हवाली केले आणि शिष्याला आईच्या, आणि त्या दिवसापासून त्याने तिला आपल्या घरी ठेवले. नात्याचे कोण आणि जवळ उभे कोण, ह्यांत त्याने जवळचा निवडला. मग तहान लागली आहे हेही त्याने तिथून सांगितले.

भगिनींनो, आपल्या गल्लीत आज चार घरांत अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत. दोन घरे हिंदूंची, एक शेखबाईंच्या शेजारचे, एक आमचे. चौघींपैकी एकीलाही मंडळाच्या सभेला नेमाने येता येत नाही. आज मी इथे उभी आहे ती कुलकर्णीकाकू आमच्या आईंजवळ बसल्या आहेत म्हणून. अध्यक्षीणबाईंच्या परवानगीने मी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिला चार रकाने आखले आहेत: घर, वार, वेळ आणि बसणारीचे नाव. दोन तासांच्या वर कुणी लिहू नये. पहिल्या पानावर शुक्रवारी दुपारी तीन ते पाच माझे नाव घातले आहे, कारण शुक्रवारी ह्यांना सुट्टी असते. मंगळवार अजून चारही घरांत रिकामा आहे. पेन्सिल वहीला दोरीने बांधली आहे, जाताना कुणी घेऊन जाऊ नये.